कव्हर लेटर खरंच कुणी वाचतं का? आणि वाचत असतील तर त्यात लिहायचं काय?

बिनकार्ड
नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, गरज पडली म्हणून पहिला धागा काढतेय. सांभाळून घ्या.

एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये आठेक वर्षं काम केलं. माल उतरवून घेणं, जीआरएन (आलेल्या मालाची नोंद), इश्यू (खात्यांना माल देणं), वर्षाअखेरची मोजदाद, सगळं. मग घरातल्या आजारपणामुळे नोकरी सोडावी लागली आणि दोनेक वर्षं घरीच गेली. आता एका ठिकाणी इन्व्हेंटरी प्लॅनरची, म्हणजे साठ्याचं नियोजन करणाऱ्याची, जागा निघाली आहे. काम मला जमेल याची खात्री आहे, पण पदाचं नाव आणि माझा रिझ्युमे शेजारी ठेवले तर दोघांची ओळखच नाही असं वाटतं. त्यात जाहिरातीत कव्हर लेटर मागितलंय. नेटवरचे नमुने बघितले, सगळ्यांत तेच "मी अत्यंत उत्साहाने अर्ज करीत आहे". मला उत्साह आहे, पण तो असा लिहायला लाज वाटते.

हे लेटर खरंच कुणी वाचतं का? खंड पडला त्याबद्दल लिहावं की गप्प बसावं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उंटावरून
कुणी वाचत नाही. पोर्टलवर रकाना आहे म्हणून मागतात. "सोबत रिझ्युमे जोडला आहे" एवढं लिहा आणि मोकळ्या व्हा. माझ्या इतक्या नोकऱ्या झाल्या, एकदाही लेटर लिहिलेलं नाही.

अर्धविराम
उंटावरून, तुम्ही प्रत्येक धाग्यावर हेच म्हणता. मागे कुणीतरी मृत्युपत्राबद्दल विचारलं होतं, तिथेही "कुणी वाचत नाही" म्हणाला होतात.

टंकलेखक_निवृत्त
आमच्या वेळी बरं होतं. "महोदय, आपल्या दिनांक अमुकच्या जाहिरातीस अनुसरून मी सदर पदासाठी नम्रपणे अर्ज सादर करीत आहे", मग शिक्षण, अनुभव आणि खाली "आपला विश्वासू". कार्बन लावून चार प्रती काढायच्या आणि चार ठिकाणी टाकायच्या. वरचा नाव-पत्ता तेवढा बदलायचा. कार्बनची प्रत कुणाच्या वाट्याला आली ते मात्र लगेच कळायचं हो!

खुर्चीपलीकडे
मी भरतीच्या कामात आहे, तेव्हा टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते सांगतो. उंटावरून अर्धे बरोबर आहेत.

आधी रिझ्युमे उघडला जातो, लेटर नाही. पहिल्या नजरेत तीन ढीग पडतात: बोलवायचं, नाही बोलवायचं, बघू. पहिल्या दोन ढिगांतली लेटरं बहुतेक वेळा न उघडताच राहतात. रिझ्युमे जाहिरातीला तंतोतंत जुळत असेल तर लेटरने काही वाढत नाही, आणि मुळात अनुभवच नसेल तर लेटरने अर्ज तरत नाही. कामाचा ढीग तिसरा. तिथे रिझ्युमे वाचून मनात एखादा प्रश्न येतो. या माणसाने लाइन का बदलली? मधली दोन वर्षं कुठे गेली? राहतो तिकडे, मग अर्ज इकडे कसा? याचं उत्तर मिळेल म्हणून लेटर उघडायचं. आणि तिथे असतं काय, तर "मी मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करायला आवडणारा". माझा प्रश्न तसाच राहतो, मी पुढच्या अर्जाकडे जातो.

बिनकार्ड, तुमचा रिझ्युमे नक्की तिसऱ्या ढिगात जाणार. दोन प्रश्न येणार: स्टोअर्सच्या माणसाला प्लॅनिंग जमेल का, आणि मधे काय झालं. या दोन्हींची उत्तरं द्या. बाकी सगळं रिझ्युमेत आहे, ते परत लिहू नका.

अजून एक. छोट्या कंपनीत मधे एचआर नसतो, मेल थेट मालकाकडे किंवा खात्याच्या प्रमुखाकडे जातो. तिथे मेलमध्ये जे लिहिलंय तेच आधी वाचलं जातं आणि बऱ्याचदा नीट वाचलं जातं.

पहिलीनोकरी
पण आता आधी एटीएस वाचतं ना? म्हणजे सॉफ्टवेअरच कीवर्ड मोजून बाद करतं. आमच्या ग्रुपवर सांगतात की जाहिरातच्या जाहिरात पांढऱ्या अक्षरात लेटरखाली चिकटवायची. माणसाला दिसत नाही, मशीनला दिसतं.

खुर्चीपलीकडे
पहिलीनोकरी, कृपया हे करू नका. एटीएस हे मुख्यतः रजिस्टर आहे. अर्ज नोंदवतं, फाइलमधला मजकूर उचलून रकान्यांत टाकतं, आम्हाला शोधता येतो. काही ठिकाणी गुण देण्याची सोय असते, पण आपोआप नकार जातो तो बहुतेकदा फॉर्ममधल्या प्रश्नांवरून: किमान अनुभव आहे का, कामाचा परवाना आहे का, अमुक पात्रता आहे का. आणि फाइलमधून मजकूर उचलला की रंग उडून जातो. तुमची पांढरी अक्षरं माझ्या पडद्यावर काळीच दिसतात. सगळी जाहिरात मलाच परत वाचायला मिळते!

जाहिरातीतले शब्द वापरा, पण खऱ्या वाक्यात. त्यांनी "इन्व्हेंटरी कंट्रोल" म्हटलं असेल आणि तुम्ही तेच काम केलं असेल तर तेच म्हणा. तसंच चौकटी, तक्ते, दोन कॉलमची नक्षी टाळा. मजकूर उचलताना ओळी एकमेकींत घुसतात.

बिनकार्ड
सगळ्यांचे आभार. खुर्चीपलीकडे, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री बसले. मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत टाकतेय. हातचं न राखता सांगा.

"महोदय/महोदया, आपल्या नामांकित कंपनीतील इन्व्हेंटरी प्लॅनर या पदासाठी मी अर्ज करीत आहे. मला स्टोअर्स विभागाचा आठ वर्षांचा अनुभव असून मी मेहनती आणि शिस्तप्रिय आहे. मी जीआरएन, इश्यू, स्टॉक टेकिंग, रेकॉर्ड ठेवणे इत्यादी कामे केली आहेत. मला थेट प्लॅनिंगचा अनुभव नसला तरी मी लवकर शिकते. दुर्दैवाने काही कौटुंबिक अडचणींमुळे मला नोकरी सोडावी लागली, तरी कृपया याचा सहानुभूतीने विचार व्हावा. आपल्या कंपनीत काम करून मला माझ्या ज्ञानात भर घालायची आहे. संधी द्यावी ही विनंती."

अर्धविराम
हातचं न राखता म्हणालात म्हणून. "नामांकित" काढा, त्यांना ते माहीत आहे. "मेहनती आणि शिस्तप्रिय" काढा. "इत्यादी" तर काढाच, वाचणाऱ्याने इत्यादीत काय भरायचं? "दुर्दैवाने", "तरी कृपया", "सहानुभूतीने" ही तिन्ही एका वाक्यात आल्यावर तो नोकरीचा अर्ज राहत नाही, फी माफीचा होतो.

शेवटून दुसरं वाक्यही उलटं आहे. तुमच्या ज्ञानात भर पडेल यात कंपनीचा काय फायदा?

उंटावरून
माझ्या एका ओळीत यातली एकही चूक नव्हती. असो.

साठेबाज
मी याच क्षेत्रात आहे, प्लॅनिंगची टीम सांभाळतो. मला भाषेतलं कळत नाही, पण "थेट प्लॅनिंगचा अनुभव नसला तरी" हे वाक्य वाचून मी थांबलो. बिनकार्ड, खरंच नाही? रीऑर्डर लेव्हल, म्हणजे साठा कितीवर आला की मागवायचं, ते कोण ठरवायचं? माल संपत आलाय हे पर्चेसला कोण सांगायचं? नॉन-मूव्हिंगची, म्हणजे न हलता पडून राहिलेल्या मालाची, यादी कोण काढायचं?

बिनकार्ड
रीऑर्डर लेव्हल सिस्टिममध्ये जुन्या काळापासून टाकलेल्या होत्या, त्यांवर कुणी विसंबून नसायचं. मीच बिन कार्ड (रॅकवरचं साठ्याचं नोंदकार्ड) बघून इंडेंट (मालाची मागणी) पाठवायचे. कुठल्या सप्लायरला किती दिवस लागतात ते मला पाठ होतं, त्याप्रमाणे आधी-नंतर. नॉन-मूव्हिंगची यादी मोजदादीच्या वेळी मीच काढायचे.

एक गंमत सांगते. मोजदादीत लक्षात आलं की एकच बेअरिंग दोन कोडवर पडून आहे. एकावर "बेअरिंग ६२०५", दुसऱ्यावर "बॉल बेअरिंग २५ एमएम". पहिला कोड मेंटेनन्सने उघडलेला, दुसरा एका मशीनच्या स्पेअर्सबरोबर आलेला. पहिल्या कोडवर शून्य दिसलं की पर्चेस तातडीने मागवायचं, आणि तोच माल पलीकडच्या रॅकवर धूळ खात असायचा. मग मी सगळी बेअरिंगं आणि ऑइल सील काढून कोड पडताळले. वस्तूवर नंबर लिहिलेलाच असतो, वाचायचा फक्त. बऱ्याच जोड्या निघाल्या. यादी करून दिली, कोड एकत्र झाले, त्या वस्तूंची तातडीची खरेदी जवळजवळ बंद झाली. पण हे काही माझं अधिकृत काम नव्हतं, म्हणून लिहिलं नाही.

साठेबाज
अहो बाई!! हेच प्लॅनिंग. माझ्या टीममधल्या निम्म्या पोरांना रॅकपर्यंत जाऊन बेअरिंगवरचा नंबर वाचायचं सुचत नाही, ते स्क्रीनवरच्या शून्यावर विश्वास ठेवतात. लेटरमध्ये हा एक परिच्छेद असेल तर मी मुलाखतीला बोलावणार. आठ वर्षं असोत की दोन.

अर्धविराम
+१००. आणि हे सांगताना तुम्ही स्वतःला एकदाही मेहनती म्हटलं नाहीत.

प्रमोशन_बाकी
छान आहे, पण आकडा हवा. "तातडीची खरेदी ३० टक्क्यांनी कमी केली" असं लिहा. आकड्यावर नजर थांबते. कोण तपासायला येतंय?

साठेबाज
मी येतो की. मुलाखतीत पहिला प्रश्न तोच असतो: ३० टक्के कशाचे? नगांचे, किमतीचे, की ऑर्डरच्या संख्येचे? कुठल्या काळाशी तुलना? आकडा खरा असेल तर माणूस खुलतो, पोटातून काढलेला असेल तर तिथेच गळपटतो. आकडा नसेल तर काय होतं आणि काय झालं एवढंच सांगा. "एकच वस्तू दोन कोडवर होती" हे कुणी उगाच रचत नाही.

प्रमोशन_बाकी
तुम्ही प्रामाणिक माणसं आहात, बाजार तसा नाही. मी माझं मत सोडत नाही. आकडेवाले पुढे जातात.

खुर्चीपलीकडे
खरा आकडा असेल तर जरूर द्या, त्याला कुणाचा विरोध नाही. ढोबळ सांगता येत असेल तर ढोबळ सांगा: किती वस्तूंचं स्टोअर होतं, शेकड्यांत की हजारांत? तेवढ्यानेही कामाचा आवाका कळतो.

जुनीपाने
इथे थोडं अवांतर करतो. अशा लेटरचा जुना दाखला म्हणजे लिओनार्दो दा विंची. १४८२च्या सुमारास त्याने मिलानचा कारभार पाहणाऱ्या लुडोविको स्फोर्झासाठी पत्र तयार केलं. त्यात क्रमांक घालून दहा मुद्दे आहेत: वाहून नेता येणारे पूल, वेढ्यात खंदकाचं पाणी काढण्याचे उपाय, तोफा, झाकलेले रथ. शांततेच्या काळात इमारती, शिल्पं आणि चित्रंही करू शकतो, हे त्याने अगदी शेवटी सांगितलंय! समोरच्याला युद्धाची चिंता होती, म्हणून आधी युद्ध.

उंटावरून
आणि त्यातलं किती बनवलं? म्हणजे रिझ्युमेत "ॲडव्हान्स्ड एक्सेल" लिहिण्याची परंपरा पाचशे वर्षांची आहे तर.

जुनीपाने
हा हा. अजून मजा म्हणजे त्या पत्राचा जो मसुदा उरलाय तो त्याच्या हस्ताक्षरातला नाही. बहुधा कुणाकडून तरी लिहून घेतला असावा. तो स्वतः उजवीकडून डावीकडे लिहायचा, लुडोविकोला आरसा घेऊन बसावं लागलं असतं.

पहिलीनोकरी
म्हणजे लिओनार्दोने केलं तर चालतं आणि आम्ही चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं की नावं ठेवता!

खुर्चीपलीकडे
दहा मुद्दे त्याचे होते ना? २०२२च्या अखेरीला चॅटजीपीटी आल्यापासून मला येणारी लेटरं व्याकरणाने चकचकीत झालीत, आणि सगळी एकाच माणसाने लिहिल्यासारखी. पूर्वी नीट लेटर लिहिणारा उठून दिसायचा, आता नुसत्या नीटपणाला किंमत उरली नाही. इंग्रजी तपासून घ्यायला बिनधास्त वापरा. पण बेअरिंगच्या दोन कोडची गोष्ट त्याला कुठून माहीत असणार? ती तुम्हालाच सांगावी लागेल. आणि पाठवण्याआधी वाचून बघा हो. मला "इथे कंपनीचे नाव टाका" असं कंसात लिहिलेलं लेटर आलेलं आहे.

शांतनिवांत
खंडाबद्दल कुणीच बोललं नाही. माझं मत: लेटरमध्ये अजिबात लिहू नका. घरची गोष्ट ती घरची. विचारलं तर मुलाखतीत सांगा. मुळात बायकांनाच याचा खुलासा का मागतात?

अर्धविराम
मागू नये हे बरोबर. पण रिझ्युमेत तारखा दिसतात, आणि मोकळी जागा दिसली की वाचणारा ती स्वतःच्या कल्पनेने भरतो. ती कल्पना आपल्या बाजूची नसते.

जुनीपाने
शांतनिवांत, याला एक सुंदर दाखला आहे. रामानुजन यांनी ९ फेब्रुवारी १९१२ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. पत्र अगदी छोटं. मॅट्रिक झालो, एफए (मॅट्रिकनंतरची तेव्हाची कॉलेज परीक्षा) पर्यंत शिकलो, काही प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढे शिकता आलं नाही, मात्र सगळा वेळ गणिताला दिला आहे, नेमणूक झाली तर कामाला न्याय देईन अशी खात्री आहे. बस. परिस्थिती कोणती ते सांगितलंच नाही. एका तुकड्यात उरकलं आणि लगेच त्या काळात काय केलं यावर आले. सोबत गणिताच्या एका प्राध्यापकाचं शिफारसपत्र होतं. १ मार्चला ते कामावर रुजू झाले, महिना ३० रुपयांवर.

पुढच्या वर्षी, १६ जानेवारी १९१३ला केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रातही घडण तीच. मी पोर्ट ट्रस्टमधला कारकून, विद्यापीठाचं शिक्षण नाही, शाळेनंतर मिळालेला वेळ गणितात घातला. कमतरता सुरुवातीलाच सांगून टाकली, रडले नाहीत, आणि मागे पानंच्या पानं प्रमेयं जोडली.

उंटावरून
म्हणजे काम प्रमेयांनी केलं, पत्राने नाही. माझाच मुद्दा.

जुनीपाने
पण पाकीट उघडल्यावर पुढची पानं उलटावीशी वाटायला हवीत ना. आणि हार्डींच्या आधी केंब्रिजच्याच दोघांना पत्रं गेली होती, तिथून काही मदत झाली नाही. तेव्हा वाचणारा कोण यावरही आहेच, हे मान्य.

शांतनिवांत
एका तुकड्यात उरकून पुढे जायचं असेल तर माझी हरकत नाही. "सहानुभूतीने" तेवढं नको.

साठेबाज
बिनकार्ड, घरी असताना काही शिकलात का?

बिनकार्ड
एक्सेलचा ऑनलाइन कोर्स केला, पिव्होटपर्यंत. आणि शेजारच्यांच्या सुट्या भागांच्या दुकानाचा सगळा स्टॉक कोडसह मांडून दिला, पण ते असंच, पैसे घेतले नाहीत.

साठेबाज
तुम्ही फार लपवता बुवा.

बिनकार्ड
नवा मसुदा. पुन्हा मराठीत.

"इन्व्हेंटरी प्लॅनर या पदासाठी (संदर्भ क्रमांक जाहिरातीप्रमाणे) अर्ज करत आहे. आपल्या जाहिरातीत स्पेअर्सचा साठा आटोक्यात ठेवणे ही पहिली जबाबदारी दिली आहे. स्टोअर्समधल्या आठ वर्षांत माझा सर्वाधिक वेळ याच कामात गेला.

एका मोजदादीत मला आढळले की एकच बेअरिंग दोन आयटम कोडवर नोंदलेले आहे. एका कोडवर साठा शून्य दिसल्याने पर्चेस ते तातडीने मागवत होते, आणि दुसऱ्या कोडवर तोच माल पडून होता. मी सर्व बेअरिंग आणि ऑइल सील प्रत्यक्ष तपासून अशा जोड्यांची यादी केली. कोड एकत्र केल्यावर त्या वस्तूंची तातडीची खरेदी जवळजवळ थांबली. सप्लायरला लागणारे दिवस लक्षात घेऊन इंडेंट काढण्याचे कामही माझ्याकडे होते.

कुटुंबातील आजारपणामुळे मी दोन वर्षे नोकरीत नव्हते. ती जबाबदारी आता संपली आहे. या काळात मी एक्सेल शिकले आणि सुट्या भागांच्या एका दुकानाचा साठा कोडनिहाय मांडून दिला.

मी तत्काळ रुजू होऊ शकते. भेटीची वेळ दिल्यास अधिक सांगता येईल."

अर्धविराम
हे त्याच बाईंनी लिहिलंय? पहिल्या मसुद्यातलं एक वाक्यही उरलं नाही. पूर्ण लेटर एका पानाच्या बरंच आत आहे, वाढवू नका.

प्रमोशन_बाकी
आकडा असता तर अजून चाललं असतं. पण चांगलं आहे, मानतो.

खुर्चीपलीकडे
दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली. "जबाबदारी आता संपली आहे" हे वाक्य महत्त्वाचं, कारण खंडाबद्दल खरी शंका "पुन्हा सोडून जाणार का" हीच असते. प्रमुखांचं नाव जाहिरातीत किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर असेल तर वर नाव घाला, नसेल तर पदनाम पुरे. महोदय-महोदयाही चालतं, त्यावरून कुणी कुणाला बाद केलेलं मी पाहिलं नाही.

पाटीपुस्तक
उशिरा आले. फक्त एक टीप, हे सगळं उद्योगांसाठी ठीक आहे. प्राध्यापकाच्या किंवा संशोधनाच्या जागेला अर्ज करणाऱ्यांनी एका पानाचा नियम लावू नये. तिथे निवड समिती संशोधन आणि अध्यापन दोन्हींबद्दल वाचू पाहते, दोन पानं सहज होतात.

पहिलीनोकरी
उंटावरून, एक विचारू? लेटर न लिहिता इतक्या नोकऱ्या मिळाल्या कशा?

उंटावरून
कुणीतरी ओळखीचा असायचा. जुना साहेब, जुना सहकारी. फोन यायचा, "येतोस का?"

अर्धविराम
म्हणजे लेटर होतंच, दुसऱ्याने तोंडी दिलेलं. तीन दिवस धागा पेटवून आता सांगताय!

उंटावरून
कुणी विचारलंच नाही.

खुर्चीपलीकडे
ओळख असेल तर पहिल्याच वाक्यात सांगावी: अमुक यांनी या जागेबद्दल कळवलं, त्यांच्याबरोबर अमुक ठिकाणी काम केलं आहे. मात्र त्यांना आधी विचारून. मी लगेच त्या माणसाला फोन करतो, आणि "कोण ते?" असं उत्तर आलं की संपलं.

बिनकार्ड
शेवटची शंका. पोर्टलवर फाइल जोडायला जागा नाही, नुसती चौकट आहे आणि अक्षरांची मर्यादा आहे. तेवढ्यात पूर्ण मजकूर बसत नाही. काय कापू?

साठेबाज
बेअरिंग सोडून काहीही.

खुर्चीपलीकडे
इंडेंटचं वाक्य रिझ्युमेत हलवा आणि शेवटची ओळ "तत्काळ रुजू होऊ शकते" एवढीच ठेवा. चौकटीत थेट टाइप करू नका, सेशन संपलं तर सगळं जातं. आधी नोटपॅडमध्ये लिहा, तिथून चिकटवा. म्हणजे वर्डची ठळक अक्षरं आणि बुलेट यांची विचित्र चिन्हंही होणार नाहीत. सबमिट करण्याआधी प्रीव्ह्यू असेल तर परिच्छेद सुटे दिसतायत ना ते बघा.